रविवारची भरपाई

मी आठ म्हणालो होतो की दहा, याची मला तेव्हाही खात्री नव्हती. राग मात्र अगदी खात्रीने आला, एवढं आठवतं.

जवळा बाजारच्या शाळेत नववीला इंग्रजीतलं ‘मेक अप फॉर’ शिकवत होतो. म्हटलं, एकीकडे गेलेलं दुसरीकडे भरून काढणं. आता वाक्य करा. तांड्यावरची सुनीता नुकतीच आईबापासोबत ऊसतोडीहून होळीला परतली होती. ती उठली आणि मराठीतच म्हणाली, “सर, माझे पाच महिने बुडाले. ते तुमी भरून काढून देता का?”

वर्ग हसला. मला झोंबलं. “देतो! रविवारी ये,” असं ओरडूनच म्हणालो आणि वेळही सांगितली.

रविवारी दहाला गेलो, तर शाळेत कुणीच नाही. सोमवारी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. “दोन-दोन एम.ए. झालेला माणूस सुट्टीच्या दिवशी तुझ्यासाठी येतो, आणि तुझा पत्ता नाही? तुम्हा लोकांना शिकायचंच नसतं!”

मंगळवारपासून ती शाळेत आली नाही. वीस वर्षं मी हा किस्सा तिच्यावरच चिडून सांगत आलो.

परवा बाजारात तिची वर्गमैत्रीण भेटली, सोयाबीन विकायला आलेली. तिच्यापुढेही तोच राग काढला.

“सर, तुमी आठ म्हणले व्हते,” ती म्हणाली. “आमी दोघी साडेनऊपर्यंत पायरीवर बसून व्हतो.”