एस्तेरबाई आणि तो फिरता दिवस

जमलेल्या सगळ्या काका-काकूंनो, आणि पुढे बसलेली एस्तेरबाईंची लेक रूथ, मी चौथी शिकलेली बाई. एरवी माझं तोंड बंद करावं लागतं. एस्तेरबाई गेल्या, आणि आज उघडत नाहीये. सांभाळून घ्या.

एस्तेरबाई किहीमकर. दारावरचं नाव माझ्या नातीनं, सईनं वाचून दाखवलं आणि मला काय आनंद! इथे अमेरिकेत, अल्फारेटात, समोरच्याच घरात, कोकणातली बाई! शनिवारी त्यांची चूल पेटत नाही असं कळलं. मला वाटलं, मारुतीचा उपास. म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. बघते तर बाई पोटभर जेवून बसलेली. म्हणाल्या, अहो, आम्ही कोकणातले ज्यू, शनिवारचं आदल्या दिवशीच रांधून ठेवतो. आता किहीमकर आणि ज्यू? बाई काहीतरी लपवतेय, म्हटलं. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून लोक आपल्याकडे संशयानं बघत होते. मी एस्तेरबाईंकडे बघायला लागले.

त्यात सई शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची. मला कुठे तिचा होमवर्क येतो? एक दिवस पोळीला हात लावायच्या आधी पोरगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. सून म्हणाली, आई, चिल करा. कसली चिल करते मी? एकुलती एक नात माझी.

मग तो दिवस आला. सई म्हणाली, आजी, उद्या मुलांना चांगलं वागायला शिकवायचा दिवस. प्रेसिडेंटनी जाहीर केलाय, ज्यू लोकांच्या एका मोठ्या गुरूंच्या वाढदिवसाला. लायब्ररीत कार्यक्रम आहे. मी म्हटलं, गेल्या वर्षी तुझ्या शाळेत हा दिवस एप्रिलात होता, यंदा मार्चात कसा? सरकारी दिवस असा हिंडतो का कुठे? थोतांड आहे, मला पक्कं कळलं. गेले पाळत ठेवायला. दाराजवळ बसले. भाषणं सगळी इंग्रजीत. शेवटी एस्तेरबाईंनाच गाठलं.

"अहो, तिथीनं असतो तो," त्या म्हणाल्या. "तुमची रामनवमी येते का दरवर्षी एकाच तारखेला?"

तिथीचं पटलं. पण समाधान? छे. तिथी खरी, म्हणून माणूस खरा का? सरळ विचारलं, "माझ्या नातीला तुमच्यात ओढणार का हो?"

एस्तेरबाई हसल्या नाहीत. "आमच्यात कुणी आपणहून आलं, तरी आधी दारातून परत पाठवतात. सईला मी एवढंच सांगते, खाण्याआधी देणाऱ्याची आठवण काढावी."

मी म्हटलं, ते मीही शिकवलं असतं.

"मग शिकवा की. कोणी अडवलंय?"

तेव्हापासून आमच्या घरी पानावर आधी माझा श्लोक व्हायचा, मग त्यांच्या ओळी. सून म्हणायची, भाजी गार झाली. तरी सई त्यांच्याकडे असली, की मी खिडकीतून बघत राहायचेच. त्यांना ठाऊक होतं. हात करायच्या तिकडून.

आज सकाळी सईनं विचारलं, एस्तेरआजींच्या ओळी सगळ्यांपुढे म्हणू का? मुलगा माझ्याकडे बघायला लागला. सूनही. भीती अजून गेलेली नाही माझी, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, म्हण. मोठ्यानं म्हण.

तर आता उभे राहा सगळे. फोन बंद करा. सईचं म्हणून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.