दोन्ही पाती सारखीच

ताई : ...वाऱ्याचा कोन सांगणारी ही नाकाजवळची पाती फिरतायत, मान्य. इथे बोटाने ढकललं तर फिरणारच.

धाकटी : मग विमान सोडायची सही कर ना, इंजिनिअरबाई! दार लावायची वेळ झाली. बाबा आत खिडकीला नाक लावून बसलेत, कॅप्टन लेक कुठे दिसते का म्हणून.

ताई : कालच्या उड्डाणाची नोंद आत्ता हाती आली. हे बघ. चढताना विमानाचं नाक वर, वारा खालून आला, दोन्ही बाजूंची पाती वळली. छान. आता वरच्या थंडीतली रेघ बघ.

धाकटी : सरळ आहे. दोन्हींची अगदी सारखी. आणखी काय हवंय तुला?

ताई : उतरताना वेग कमी झाला, नाक पुन्हा उचललं. तरीही सरळच?

धाकटी : हो, सरळच. मग?

ताई : वारा बदलला गं, पाती जागची हलली नाहीत. दोन्ही एकदम गोठली.

धाकटी : पात्याला हीटर असतो. मला नको शिकवूस.

ताई : बाहेरून असतो. पाणी आत शिरलंय, दांड्यापाशी. परवा विमान धुताना पात्यांना टोप्या घालायच्याच राहिल्या. बघून आले मी, पिशवीत घडी तशीच आहे. खाली आलं की बर्फ वितळतो, मग पातं कसं शहाण्यासारखं फिरतं!

धाकटी : काल काही झालं का?

ताई : काल हवा शांत होती, देवाची कृपा. आज वाटेत ढग आहेत. विमान हवेत अडखळलं आणि पाती म्हणाली सगळं ठीक, तर काय करशील?

धाकटी : कॅप्टन म्हणून पहिलं उड्डाण आहे माझं. बाबांचे डोळे चाललेत, ताई. दिसतंय तोवर त्यांना...

ताई : माझेही बाबाच आहेत ते.

धाकटी : किती वेळ लागेल?

ताई : काढायचं, सुकवायचं, थंड पेटीत घालून बघायचं. आज नाही व्हायचं. प्रवासी दुसऱ्या विमानाने जातील, त्याचा कॅप्टन ठरलेला आहे.

धाकटी : आणि तू सही केलीच नाहीस तर?

ताई : माझे साहेब करतील. त्यांच्या मते जमिनीवर नीट आहे ना, झालं. आता कॅप्टनने नको म्हटलं तरच थांबेल.

धाकटी : थांब. घाई करू नकोस मला... फोन दे इकडे.

(धाकटी बाबांना फोन लावते.)

बाबा : बोल गं. पोहोचलो का आपण?

धाकटी : निघालोच नाही अजून. बाबा, हे विमान मी नेत नाहीये. तुम्हाला दुसऱ्यात बसवतील. खिडकी मिळेल, मी सांगते त्यांना.

बाबा : ते कोण चालवणार?

धाकटी : आहेत एक. चांगले आहेत.

बाबा : असू देत. हा पट्टा कसा सोडायचा, तेवढं सांग.