निशिकांत आणि साथी

अहो काका, तो म्हातारा नाहीये! म्हणजे आहे, चौसष्टचा आहे — पण तुमच्यासारखा नाही. रागावू नका, बसा. बाबा खाली कॉफी आणायला गेलेत. तुम्हाला मरीन परेडच्या घरून इथे आमच्याकडे टॅम्पिनीसला बोलावून घेतलं आणि स्वतः पळाले — मला कळत नाही का? 'लॅबमधली चांगली नोकरी सोडून एकता कुणा गोऱ्या गवयामागे झील ओढायला निघाली, तिला जरा समजाव' — असंच म्हणाले ना? मग समजवा. परवा क्वालालंपूर, मग मनिला, सहा महिने. हातात फार वेळ नाही तुमच्या.

लेन हॅरप. नाव ऐकलं नाहीत ना? कुणीच ऐकलेलं नाही, तीच तर गंमत. सत्तेचाळीस वर्षं गातोय तो! सतराव्या वर्षी ड्रम वाजवायला गेला, गायक आला नाही म्हणून उभा राहून गायला. पुढे तीन बँड — कुणी भांडून निघून गेलं की त्याच्या जागी हा. आणि मधल्या काळात दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर काय म्हणाल ते — कोरस, माउथ ऑर्गन, बिस्किटाची जाहिरात, एका गाण्यात तर कुत्र्याचं भुंकणंसुद्धा त्याचंच. हसलात! बघा, हसलात.

काय? त्यात नाव नाही? हे तुम्ही म्हणताय? तुमच्या कॅसेटवर काय छापलंय हो — 'निशिकांत आणि साथी'. निशिकांत हाताएवढं, साथी मुंगीएवढं. त्या मुंगीत आमचे बाबा. नागपूरभर तुमच्यामागे झील धरत हिंडले, पेटी उचलली, खंजिरी वाजवली, बुद्ध जयंतीला पहाटेपर्यंत घसा फोडला — आणि आता मला सांगतात, झीलकऱ्याला कोण विचारतं! त्यांना नव्हतं विचारायला कुणी, म्हणून मलाही नको? वा रे न्याय.

लेनला मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत? म्हणाला, मोठमोठ्या गायकांचा आवाज वर पोचत नाही, ते घरी गेले की मला बोलावतात. मी त्यांच्यासारखा आवाज काढून ती वरची ओळ गातो. ते ऐकतात आणि त्यांना वाटतं, आपणच गायलो! कोण कोण, विचारलं — तर नुसता हसला. म्हणाला, तोंड उघडलं की हा धंदा संपला. मला तर तेव्हा बाबाच आठवले, त्यांनी नाही का तुमच्या तापाच्या दिवशी तिसऱ्या कडव्यातली —

काही नाही. काही नाही हो काका. कॉफी कुठे राहिली यांची.

अहो, गुणगुणून काय बघताय? — हे बघा, एकशे दोन ताप होता तुम्हाला, तुम्ही घरी गेलात, स्टुडिओ दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हता. एकच ओळ आहे. बाकी सगळं तुमचंच आहे, अगदी तुमचंच. चोवीस वर्षं बोलले नाहीत ते कुणाला. मलाही शपथ घातली होती — मीच तेवढी शहाणी! अजून दौरा सुरू नाही झाला आणि धंदा बुडवला.

तुम्ही त्यांना काही बोलू नका हं. एवढं करा. आजच्या दिवस तुम्ही साथीत बसा. मला हवं तेवढं ओरडा, जाऊ नकोस म्हणा, मी ऐकून घेईन — म्हणजे, जाणार आहेच मी, पण ऐकून घेईन.

तुमचा मोबाइल वाजतोय. बाबाच असतील, साखर किती ते विचारत असतील.

तुमच्या अमेयनं तीच ओळ लावून दिलीय ना तुम्हाला, रिंगटोनला?

उचला ना काका.

काका, उचला.