स्वरालीनं दिलेला शब्द

— अहो, डॉक्टरांनी तारीख दिलीय ना, मग घ्या की ती. मोबाइलमध्ये पंचांग कसलं बघताय? भावाला किडनी देताय तुम्ही, कुणाची मुंज नाही लावायची. रागावू नका हं. मी इथं आठवड्यातून तीनदा येते, चार-चार तास या बाकावर बसते. आत आमचे हे आहेत, डायलिसिसला. त्यांना मीच देणार होते किडनी. सगळं जुळलं होतं — रक्तगट, तपासण्या, कमिटीपुढची मुलाखतसुद्धा झाली. तारीख मिळाली आणि निघाली नेमकी अमावास्या. मी म्हटलं, नको, पंधरा दिवस पुढे ढकला.

आमची सून स्वराली, कॉलेजात इंग्रजी शिकवते, ती म्हणाली, आई, तुमच्यासारख्यांना इंग्रजीत शब्द आहे. थांबा, लिहून ठेवलाय — हा. पॅरास्केविडेकाट्रियाफोब. हसू नका, मलाही चष्मा लावूनच म्हणता येतो. तेरा तारखेला शुक्रवार आला की गोरे लोक घाबरतात म्हणे, त्यांच्यासाठी आहे तो. अमावास्येसाठी वेगळा शब्द तिला सापडला नाही, म्हणाली, हाच चालवून घ्या. घेतला. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू? एवढं लांबलचक नाव असलं की तो आजारच होतो ना — आणि आजारी माणसाला कोण दोष देतं?

पंधरा दिवस कुठले, नवव्या दिवशी यांना हार्ट अटॅक आला. आता हृदय इतकं अशक्त झालंय की भूल सोसणार नाही, म्हणाले डॉक्टर. दोन वर्षं झाली. माझी किडनी आहे माझ्यापाशी, धडधाकट. काय? हो, तुमचा काय दोष, असं सगळेच म्हणतात. श्रद्धा असते एकेकाची, म्हणतात. श्रद्धा कसली डोंबलाची! धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा अमावास्याच होती, टेम्पो त्याच दिवशी मिळत होता म्हणून. आणि ही अमावास्या तर सकाळी आठ बेचाळीसला संपत होती. कॅलेंडरवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ऑपरेशन साडेअकराला. मी वाचलं होतं हो! वाचलं आणि गप्प बसले. आपलं पोट फाडणार, या विचारानं आठवडाभर घास उतरत नव्हता मला. अमावास्या म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, आपलं काम झालं. माझ्यासाठी साधा मराठी शब्द आहे — भित्री. तो नाही सुचला स्वरालीला.

कुणाला म्हणजे? कुणालाच नाही सांगितलं. यांना तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगत बसले, देव जाणे. तिकडे लांब मांजरीहून येता ना तुम्ही? म्हणजे परत काही आपली गाठ — दार उघडलं वाटतं. आलेच हे. अहो, सावकाश, माझा हात धरा. या बाई ना, भावाला किडनी देतायत, तारीख मिळालीय त्यांना. काय म्हणालात? हो, हो, सांगितलं मी त्यांना — अमावास्या होती म्हणून. चला.