वेस ओलांडण्याबाबत

विषय : संगणकावरील गावाची वेस ओलांडण्याबाबत.

उपरोक्त विषयी सांगायचं तर, मी निवृत्त झाल्यावर मुलीने मला जादूच्या राज्याचा गेम लावून दिला. म्हणाली, "बाबा, यात कुठंही फिरा, कोणी अडवत नाही." मुख्यालय सोडायला जन्मभर परवानगी मागितलेला माणूस मी; ऐकूनच धडकी भरली. तरी बाहेर पडलो, तर वेशीपाशीच लांडग्याने मला खाल्लं. गेमने पुन्हा जिवंत केलं, तेव्हापासून तलवार घेऊन आतच उभा आहे. बाहेर तो गुरगुरतो.

बायको म्हणाली, "धाड गावच्या बाजारात तं एकटे जाता. इथं काऊन भेऊन राह्यले?"

"तिथं लांडगा नाही. तू बाजूले बस, मंग निंघतो."

"पोळ्या झाल्यावर पाहू."

पोळ्या झाल्या, जेवणंही झाली. अर्ज प्रलंबित आहे.