ओवाळून टाकलेलं मीठ

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. या हॉलमध्ये मी हळदीकुंकवाला बोललेय, गणपतीत माइक घेऊन निवेदन केलंय. आज मात्र लिहून आणलेला कागद पर्समध्येच ठेवलाय. तो माझ्याच्याने वाचला जाणार नाही. जमेल तसं बोलते, अडखळले तर सांभाळून घ्या.

मी चिनूची आई. आपल्या डॉक्टरबाई मंगळवारी गेल्या. खरंच गेल्या का हो? मला अजून वाटतं, खाली उतरलं की दवाखान्याचा दिवा दिसेल आणि आतून हाक येईल, "या, या, काय झालं आमच्या राजांना?"

आम्ही जुईनगरला राहायला आलो तेव्हा घरात नुकतीच केबल लागली होती. चिनू टीव्हीसमोर आणि फरसाणचा डबा चिनूसमोर. गोबरे गाल, दंडाला वळ्या. येणारा-जाणारा गालगुच्चा घ्यायचा. गुटगुटीत बालक म्हणून बक्षीससुद्धा मिळालेलं. मी तर हवेतच होते!

एकदा खोकल्यासाठी त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी वजन केलं आणि ड्रॉवरमधून छोटा पट्टा शोधून त्याच्या दंडाला गुंडाळला. मला वाटलं, पोराचं कुठे बीपी बघतात? पुन्हा बोलावलं, परत एकदा बोलावलं. किडनीच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक आल्या. मग मला म्हणाल्या, "प्रेशर वाढलेलं आहे याचं. टेन्शन घेऊ नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. औषध आत्ता नको. मीठ कमी करू आणि याला पळवू."

घरी सांगितलं. माझ्या सासूबाई, साताऱ्याकडच्या, त्या काय ऐकतायत! "लेकराला कुटं बीपी असतंय व्हय? दिष्ट लागलीया त्याला." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि वर दोन पापड भाजून वाढले. माझा जीव टांगणीला लागला. इतकंसं पोर, त्याच्या काळजावर भार. आणि घरात कुणाला पटतच नाही. कुणाशी भांडू मी?

शेवटी चिनूबरोबर सासूबाईंनाच दवाखान्यात घेऊन गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे काय ते. पण बाई भांडल्याच नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आजी, ओवाळलेलं मीठ परत खातात का हो?"

"छ्या! पाण्यात न्हायतर चुलीत टाकायचं."

"मग रोज जेवायच्या आधी याच्या पानातलं मीठ ओवाळून टाका. पापड, लोणचं वाढलं असेल, तर तेही."

सासूबाईंनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा चिनूकडे. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "लई वस्ताद हाय गं तू, डागदरीण."

आपल्याकडे पानात पहिलं मीठ वाढतात. आमच्याकडेही वाढायचे. आणि जेवण सुरू व्हायच्या आत ते ओवाळून मोरीत जायचं. भाजी-आमटीत मी मीठ निम्म्यावर आणलं. चिनू रुसायचा, "आजी, पापड तरी ठेव!" आजी म्हणायची, "दिष्टीचा हाय तो."

आणि संध्याकाळी पळणं. आठवतंय ना सगळ्यांना? तेव्हा समोर इमारती नव्हत्या, नुसतं कमरेएवढं गवत. दवाखाना उघडायच्या आधी बाई पदर खोचून निघायच्या आणि मागे सोसायटीची सगळी पोरं. जाड, बारीक, धापा टाकणारी. बाईंनी कुणाला जाड्या म्हटलं नाही, कुणाला म्हणू दिलं नाही. खाडीवरचा वारा यायचा, ऊन पिवळं व्हायचं. मी गॅलरीतून बघायची. पोरं गवतात दिसेनाशी व्हायची, मग लांब कुठेतरी डोकी वर यायची, पुन्हा बुडायची. आवाज पोचायचा नाही, नुसतं ते हलणं दिसायचं. मला वाटायचं, आपण जागे आहोत की झोपेत? ही नवी मुंबई अजून पुरती झालेलीच नाही, आणि त्यात ही बाई आपली पोरं घेऊन चाललीय, चाललीय. खाली कुकरची शिट्टी झाली की मी भानावर यायची. परवापासून डोळे मिटले की तेच दिसतंय. फक्त बाई वळून बघत नाहीत.

काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा पट्टा गुंडाळला. कानातल्या नळ्या काढल्या आणि म्हणाल्या, "उतरलं." सासूबाईंनी त्यांचा हात धरला तो सोडेचनात. त्या आज तिथे पहिल्या रांगेत बसल्यात. सकाळपासून जेवलेल्या नाहीत.

बाई, तुम्ही माझं लेकरू मला परत दिलंत. हे तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, तुम्ही म्हणूच दिलं नाहीत. आज ऐकून घ्या.

आता आपण सगळे उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. पण हात जोडू नका. तुमच्या शेजारी जे मूल असेल, आपलं असो की दुसऱ्याचं, त्याचं मनगट हातात घ्या. दोन बोटं टेकवा. आत जे चाललंय ते बाई इतकी वर्षं ऐकत होत्या. आज आपण ऐकू.

चिनू, कितीही मोठा झालास तरी इकडे ये रे. हात दे.