तीर्थावर आळ

दादोंग (आजी) सुकरी : नाही म्हटलं ना एकदा. परवा देवळाचा उत्सव असो की आणखी काही, मी त्या सभामंडपात पाऊल टाकायची नाही. तीर्थ शिंपडायला दुसरी कुणी बघ. जिच्या हातानं कॉम्प्युटर मरत नाही अशी.

केतुत रेंदा : दादोंग, मी तीर्थाचं विचारायला आलोच नाहीये.

दादोंग : मग वस्तीचा क्लियान, एवढा मोठा कारभारी, भरदुपारी माझ्या चुलीपाशी कशाला? कॉफी घेतोस?

केतुत : नको.

दादोंग : कॉफीला नको म्हणालास! मग काहीतरी वाईटच आहे. बोल.

केतुत : कॉम्प्युटर शहरात, देनपसारला नेला होता. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला. आत पाण्याचा थेंबही गेला नव्हता.

दादोंग : वाळलं असेल. महिना होऊन गेला.

केतुत : वाळायला मुळात जायला हवं ना.

दादोंग : मग मी बटण दाबलं त्यानं गेली असतील गाणी. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरत होतं. मला वाटलं, आज तुंपेक लांदेप, लोखंडाचा सण. घरोघरी कोयते, गाड्या, शिवणयंत्रं नैवेद्य खाऊन विसाव्याला बसलीत, नि हे बिचारं एकटंच राबतंय! बंद केलं, पिवळं फडकं गुंडाळलं, नैवेद्य ठेवला, तीर्थ शिंपडलं. माझ्याच आवाजातली गाणी होती रे आत. मायेनं केलं.

केतुत : बटणानंही गेली नाहीत.

दादोंग : मग काय भुतानं नेली?

केतुत : ते नवे कर्णे आणले ना आपण, जुन्या सिस्टीमवर ते चालेनात. कॉम्प्युटरला नेट जोडायचं नाही हा आपलाच ठराव, मागे व्हायरस आला होता म्हणून. तेव्हा नवी सिस्टीम मी पेनड्राइव्हवर घेऊन आलो. चढवताना कॉम्प्युटरनं विचारलं, आतलं ठेवू की सगळं पुसू? मी घाईत होतो.

दादोंग : सणाच्या दिवशी घाई?

केतुत : घरी मोटरसायकलची पूजा खोळंबली होती. बायको हाका मारत होती. मी न वाचताच दाबलं. ‘पुसा’वर. आणि खोली उघडीच टाकून घरी पळालो.

दादोंग : म्हणजे मी आले तेव्हा...

केतुत : तुम्ही आलात तेव्हा आत तुमचं एकही गाणं नव्हतं. रिकाम्या डब्यावर तीर्थ शिंपडलंत तुम्ही.

दादोंग : आणि ती दुसरी प्रत? माझ्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तूच म्हणाला होतास, काळजी करू नका, एक प्रत माझ्या घरी आहे.

केतुत : नव्हती. आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेली.

दादोंग : हे सगळं तुला कधी कळलं? देनपसारला?

केतुत : कॉफी दिलीत तरी चालेल आता.

दादोंग : तुत.

केतुत : त्याच संध्याकाळी.

दादोंग : म्हणजे सभेच्या आधी!

केतुत : हो.

दादोंग : माइक हातात घेऊन म्हणालास, ‘दादोंगनं श्रद्धेनं केलं, त्यांना कुणी बोलू नका.’ सगळ्या बाया वळून वळून बघायला लागल्या. मी सरकत सरकत खांबाआड गेले. मनात म्हटलं, पोरगा किती चांगला, सांभाळून घेतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, नि वर साखर पेरलेली!

केतुत : लाज वाटली हो. मी शाळेतला मास्तर, ठराव माझा, खोलीची किल्ली माझ्याकडे. वाटलं, तुम्ही वयानं मोठ्या, तुम्हाला कोण काय म्हणणार?

दादोंग : कुणीच काही म्हणालं नाही. नैवेद्याची पानं तेवढी माझ्या हातातून काढून घेतली. ‘बसा दादोंग, दमला असाल.’ आवाज गेला तेव्हा मी रडले नव्हते, तुत. म्हटलं, डब्यात आहे, पोरी ऐकून शिकतील. मग कळलं, तोही आपणच मारला. महिनाभर हा हात अंगाखाली दाबून झोपते मी.

केतुत : क्षमा करा मला.

दादोंग : काय म्हणालास?

केतुत : क्षमा करा म्हटलं.

दादोंग : माझ्या घशात काही उरलं नाही म्हणून मी हळू बोलते. तू का हळू बोलतोस?

केतुत : बाहेर तुमची सून पानं विणतेय...

दादोंग : वा रे! आळ कर्ण्यावरून, आणि माफी चुलीपाशी?

केतुत : पौर्णिमेच्या सभेत सांगतो ना.

(दादोंग चुलीतलं लाकूड मागे ओढते.)

दादोंग : सभामंडपातला लाकडी कुलकुल ठोकला की सगळी वस्ती जमते. तो कुणाच्या हुकमानं वाजतो?

केतुत : क्लियानच्या. माझ्याच. पण असा अवेळी नाही ठोकता येत, दादोंग. कुठे आग लागली, कुणी गेलं, तरच.

दादोंग : गेलंच आहे की.

केतुत : लोक मला पदावरून काढतील.

दादोंग : काढतील.

केतुत : आणि एवढं करून गाणी काही परत यायची नाहीत.

दादोंग : शब्द आहेत माझ्या डोक्यात. पोरींना सांगेन. चाल अडली तर बोटानं ताल धरून दाखवेन. ते माझं मी बघते. तू जा नि कुलकुल ठोक.

केतुत : तुम्ही याल?

दादोंग : येते. ते फडकं दे इकडे, हात पुसू दे. या खेपेला पुढं बसायचंय मला.